‘परत कधी’चा रकाना

जेवणाची सुट्टी झाली होती आणि मी चष्मा शोधत परत सेटवर आलो, एवढंच. सकाळी बैठकीच्या खोलीत फुलदाणीपाशी उभा राहून दिग्दर्शकाशी हुज्जत घातली होती, तिथंच राहिला असणार. दिवे बंद होते. दिवे बंद झाले की आमचं ते घर लगेच घर राहत नाही, प्लायवुड होतं. रंगाचा, सरसाचा, तापलेल्या वायरींचा वास वर येतो आणि छपराचा पत्रा उन्हानं टिक टिक करत बसतो. चाचपत टेबलाशी गेलो, चष्मा सापडला, तो डोळ्यावर चढवतोय तेवढ्यात वरून आवाज आला, "अहो घरमालक, संपला का सीन?"

खोटं कशाला बोलू, घाबरलो. कारण त्या घराला वर काही नाहीच. बैठकीच्या खोलीतून एक जिना जातो, नऊ पायऱ्यांचा, कठडा वगैरे अगदी झोकदार, बघणाऱ्यांना फार आवडतो तो. पण नववी पायरी चढून वळलं की दोन माणसं मावतील एवढा माळा, त्यावर एक स्टूल, आणि मागून उतरायला लोखंडी शिडी. नऊ वर्षं आमच्या मालिकेतली माणसं त्या जिन्यानं झोपायला गेलीत, रुसून गेलीत, कपाटातली कागदं आणायला गेलीत, आणि सगळी त्या एका स्टुलावर बसून खालचा सीन संपायची वाट बघत राहिलीत. आत्ता त्या स्टुलावर आजी होती. म्हणजे आजीचं काम करणाऱ्या बाई. वय चौऱ्याहत्तर. त्यांना शिडी झेपत नाही, म्हणून सीन संपला की त्यांनी समोरच्या जिन्यानंच खाली यायचं असं ठरलेलं. पण सीन संपला हे कळायला तर हवं. त्या दिवशी दिग्दर्शकाचा घसा बसला होता. त्यानं 'कट' तोंडानं म्हटलंच नव्हतं, हातानं केला होता. खालच्या सगळ्यांना तो हात दिसला. भिंतीआड वर बसलेल्या माणसाला कुठून दिसणार? सगळे जेवायला गेले, दिवेवाल्यानं दिवे काढले, आणि बाई चाळीस मिनिटं अंधारात स्टुलावर.

"अहो, मग हाक मारायची नाही का?" मी जिना चढत म्हणालो.

"आणि टेक चालू असता तर? कट ऐकल्याशिवाय हलायचं नाही, हे कुणी शिकवलं आम्हाला? तुम्हीच ना? आता बसा ओरडत."

मी वरच्या पायरीवर बसलो. अंधाराला डोळे सरावले तसं दिसलं, त्यांच्या हातात एक लहान मुलीचा मोजा होता. पुढच्या सीनमध्ये तो घेऊन खाली यायचं होतं, नातीला घालायला. त्या तो बोटांवर गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

"गंमत सांगू?" त्या म्हणाल्या. "बसल्या बसल्या एकदम आठवेना, हा मोजा कुणाचा. बराच वेळ आठवेना. मग म्हटलं, आपल्याच मुलीचा असेल. माझी मुलगी बावन्न वर्षांची आहे, घरमालक. पाय बघितलेत तिचे?"

मी हसलो. त्याही हसल्या. मग त्या हसायच्या थांबल्या आणि मी एकटाच थोडा वेळ हसत राहिलो, तसं वाईट वाटतं बघा, रिकाम्या सेटवर आपल्याच हसण्याचा आवाज.

"डॉक्टरनं सांगितलंय," त्या म्हणाल्या. "हळूहळू जाणार. आधी नवीन पाठ होणार नाही, मग जुनं पुसणार. तुम्हाला कळलंय ना ते? मुलीनं फोन केला असणार. आणि तुम्ही मला गावाला पाठवायचं ठरवलंयत."

ठरवलंच होतं.

"नको पाठवूस," त्या म्हणाल्या. एरवी थट्टेनं अहो-जाहो करणारी बाई अरे-तुरेवर आली. "मला गावाला नको. मला मार. नीट मार, कॅमेऱ्यासमोर, पाठ होतंय तोवर. मला माझं मरण करून जायचंय. उद्या मी रस्त्यात कुठं हरवले, तर लोकांनी म्हणू नये, अगं ही इथं कशी, ही तर गावाला गेली होती ना."

आता हे गावाचं प्रकरण सांगायला पाहिजे, आणि त्याआधी माझं. माझं काम काय, हे मला आजवर कुणाला धड सांगता आलेलं नाही. मालिका माझ्या हातात आहे म्हणतात. दिग्दर्शक सीन घेतो, लेखिका लिहिते, नट बोलतात, चॅनलवाला नको म्हणतो. आमच्या शेजारच्या काकू विचारतात, मग तुम्ही काय करता हो? मी सांगतो, मी लक्षात ठेवतो. खरंच तेवढंच आहे ते. आजीचा मुलगा चहा डाव्या हातानं पितो, धाकट्या सुनेला कुलपाचा आवाज सहन होत नाही, स्वयंपाकघराची खिडकी उगवतीला आहे म्हणून तिथं संध्याकाळचं ऊन पडून चालणार नाही. हे सगळं कुणाच्या तरी एकाच डोक्यात राहिलं तर ते घर राहतं, नाहीतर दोन आठवड्यांत त्याची धर्मशाळा होते. मी शिकलो सातवीपर्यंत. तीस वर्षांपूर्वी असल्याच एका सेटवर केबल गुंडाळायला लागलो, आणि केबल गुंडाळता गुंडाळता कोण कुठं उभं होतं ते लक्षात राहायला लागलं. मोठी माणसं मला विचारू लागली. असा चढत चढत आलो. सेटवर सगळे मला घरमालक म्हणतात. राहतो भाड्याच्या दोन खोल्यांत, पण तो भाग वेगळा.

डोक्यात मावेना तेव्हा वही आली. आणि वहीवाली आली. पन्नाशीची बाई, गळ्यात दोन चष्मे, एक लांबचा, एक जवळचा. जाडजूड रजिस्टर, त्यात तिनं पट्टीनं आखलेले रकाने. पात्र. घरात. गावाला. परत कधी. पहिल्या वर्षी असं झालं, की आमच्या काकाचं काम करणारा नट एका सकाळी आलाच नाही, दुसरीकडे मोठं काम मिळालं म्हणून निघून गेला. सेटवर नुसता गोंधळ. दिग्दर्शक म्हणाला ट्रकखाली घालू, लेखिका म्हणाली झटका आणू, चॅनलवाला फोनवर थयथयाट करतोय. मी केबलच्या वेटोळ्यावर बसून चहा पीत होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "गावाला गेलाय म्हणा की." सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या दिवशी आजी पोळी लाटता लाटता म्हणाली, काका गावाला गेलाय, आणि लाटणं पुढं चाललं. कुणालाही काही खटकलं नाही. बघणाऱ्यांना तर नाहीच. तेव्हापासून नऊ वर्षांत अकरा जण गावाला गेले. काका, थोरली सून, समोरचे नवरा-बायको, दूधवाला, शिकवणीचे मास्तर, एक पांढरा कुत्रासुद्धा. दिवेवाला म्हणतो, त्या गावाला आता नगरपालिका झाली असेल. 'परत कधी'च्या रकान्यात अकराही ठिकाणी कोरं. आणि लोकांची पत्रं येतात, की तुमच्या घरात कुणी मरत नाही, म्हणून आम्ही तुमची मालिका बघतो, जेवताना घास घशाखाली उतरतो. चॅनलवाला बाहेर सांगत सुटतो, ही आमच्या घरमालकाची पद्धत. मीही मिरवलं, खोटं का सांगू. पण ती पद्धत माझ्या डोक्यातून आलेली नव्हती. मी फक्त तोंड उघडलं होतं.

मी सहा वर्षांचा असताना माझी आई गावाला गेली. सकाळ होती. बाबा माझ्याकडे पाठ करून शर्टाची बटणं लावत होते, आणि ती एकेक घर चुकून लागली होती, म्हणजे खाली एक काज उरलं होतं. मला ते काज अजून दिसतं. ते म्हणाले, गावाला गेलीय. ताई मोरीत भांडी घासत होती, अकरा वर्षांची पोर, ती मागं वळली नाही. बस, एवढंच आहे माझ्याजवळ. पुढं मला बाहेरचा जिना आठवतो. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये एक पायरी होती, टवका उडालेली, त्या टवक्यात माझी टाच बरोबर बसायची. मी तिथं बसायचो. चड्डीतून दगडाचा गारवा वर यायचा, आधी चांगला वाटायचा, मग पोटात जायचा. खालून पावलं यायची. अख्ख्या इमारतीची पावलं मला पाठ झाली होती, कोण दमून चढतंय, कोणाची चप्पल फाटलीय, कोण दोन-दोन पायऱ्या घेतंय. मी ओळखायचो आणि ओळखलं की त्यातली आई नाही हे कळायचं. पुढचं पाऊल, पुढचं पाऊल. लक्षात ठेवायची ही जी काही विद्या माझ्याकडे आहे ती तिथली आहे, केबलवरची नाही. कधी थांबलो बसायचं, ते आठवत नाही. कुणी येऊन सांगितलं असंही नाही. आपण एखादं गाणं गुणगुणत असतो आणि कधी बंद पडलं ते कळत नाही, तसं. चौथीत एक तक्ता भरून द्यायचा होता. वडील, त्यांचं काम. आई, तिचं काम. मी आईच्या पुढं लिहिलं, गावाला. बाईंनी वर्गात काही विचारलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. त्या शब्दावर लाल पेनानं एक रेघ मारली, जरा तिरकी, आणि वही परत दिली. मी ती रेघ घेऊन घरी आलो आणि कुणाला दाखवली नाही. कळलं होतं की. पण कळणं वेगळं आणि कुणी सांगणं वेगळं.

तर त्या दुपारी मी बाईंना हाताला धरून जिना उतरवला, जेवायला नेलं, आणि संध्याकाळी चॅनलवाल्याला भेटायला गेलो. पस्तिशीतला मुलगा, हुशार, बोलताना फोन टेबलावर पालथा ठेवतो म्हणजे आपल्याला वाटावं, पूर्ण लक्ष आपल्याकडे आहे. मी सांगितलं, आजीला मारायचं म्हणतोय.

"तुम्ही?" तो म्हणाला. "तुम्ही म्हणताय हे?"

"हो. मीच."

"अहो घरमालक, ही तुमचीच पद्धत. गावाला पाठवा ना. नाहीतर चेहरा बदलू, दुसऱ्या बाई तयार आहेत माझ्याकडे, हुबेहूब. लोक आठवडाभर कुरकुरतात, मग विसरतात."

"त्या स्वतः मागतायत."

"काय?"

"मरण."

त्यानं फोन उलटा केला, बघितला, परत पालथा घातला. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागं घेत होतं, ती पीं पीं करत होती. "एक एपिसोड," तो शेवटी म्हणाला. "रडारड नको. आणि घरातली लहान मुलगी त्यात हवीच, मुलगी असली की लोक चॅनल बदलत नाहीत. पण तिला कळेल असं काहीतरी गोड सांगा. जेवायच्या वेळेला लागतो आपण."

लेखिकेनं दोन दिवसांत लिहिलं. ती खुर्चीत मांडी घालून बसते आणि सगळी पात्रं स्वतः बोलून बघते, भिंतीपलीकडे वाटावं की घरात पाच जण भांडतायत. तिनं चांगलं लिहिलं. आजी खिडकीजवळच्या खुर्चीत वाटाणे सोलत बसलीय. मुलगा ऑफिसला निघायच्या गडबडीत, किल्ल्या शोधतोय, तिच्याशी बोलतोय, ती उत्तर देत नाही. भाषण नाही, खोकला नाही, हात छातीवर नाही. एक वाटाणा परातीतून घरंगळतो, तेवढाच आवाज. मग नात येते. मुलगा तिला म्हणतो, "आजी गेली." नात विचारते, "कुठे?" आणि पुढं मुलाचं नाव लिहून लेखिकेनं जागा कोरी सोडली होती.

"हे काय?" मी विचारलं.

"हे तुम्ही भरायचं. गावाचा नियम तुमचा. मोडायचा तर तुम्हीच मोडा, मी पाप घेत नाही."

"तू काही सुचव तरी."

"देवाघरी. आभाळात. तारा झाली." तिनं बोटं मोडली. "चॅनलवाल्याला गोड पाहिजे ना? हे गोड आहे."

"हीसुद्धा गावंच की गं सगळी," मी म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली. मीही जरा चमकलो, कारण हे मला बोलल्यावर कळलं.

चार दिवस तो कागद माझ्या खिशात होता. चार दिवस म्हणजे काय सांगू, दाढी करताना गालावर फेस आणि तोंडात तो प्रश्न. कुठे? नळ सोडला की कुठे, जिना चढलो की कुठे. तीन शब्द, फार तर चार, एका मोठ्या माणसानं एका लहान मुलीला सांगायचे. अडीच हजार एपिसोड काढलेला माणूस मी, लग्नं लावली, भांडणं लावली, हरवलेली माणसं शोधून आणली, आणि मला चार शब्द सापडेनात. जे सुचेल ते बाबांच्या आवाजात ऐकू यायचं आणि खाली ते उरलेलं काज दिसायचं. त्यात बाईंचा फोन. रोज सकाळी. "पाठ आहे हो अजून," म्हणायच्या, आणि ठेवायच्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पाठ आहे," आणि जरा थांबून, "कोण बोलतंय?" फोन त्यांनीच लावला होता. मी सांगितलं, घरमालक. "अरे हो," त्या म्हणाल्या. "मग उशीर नको करूस."

चौथ्या दिवशी मी ताईकडे गेलो. ताई आता त्रेसष्टची आहे, गुडघे गेलेत, पण जीभ शाबूत. मला बघितल्याबरोबर म्हणाली, "वाळलास. सिरियलीतल्यांना जेवू घालतोस, स्वतः काय खातोस?" चहा ठेवला. मी तिच्या स्वयंपाकघरातल्या बाकावर बसलो. ताईच्या ओट्यावर सगळं जागच्या जागी असतं, डबे उंचीनं लावलेले, फडकं चौकोनी घडी घालून. आईचं असंच होतं म्हणतात, मला माहीत नाही. आम्ही दोघं छप्पन्न वर्षं एकमेकांशी बोलतोय, सगळ्या जगाबद्दल बोललोय, आणि त्या सकाळबद्दल एक अक्षर नाही. तिनं विषय काढला नाही म्हणून मी नाही, मी नाही काढला म्हणून तिनं नाही. मी म्हणालो, "ताई, आई गेली त्या दिवशी बाबा मला खोटं का बोलले?"

ताईनं गॅस बारीक केला. "काय खोटं बोलले?"

"गावाला गेलीय म्हणाले."

"ते नंतर."

"नंतर म्हणजे?"

"अरे, आधी खरंच सांगितलं होतं की तुला. मी होते ना तिथं. हॉस्पिटलातून आले, तुला उठवलं, मांडीवर घेतलं, म्हणाले, आई गेली. अगदी असंच. आई गेली." तिनं चहा गाळायला घेतला आणि गाळणी हातातच राहिली. "आणि तू विचारलंस, कुठे?"

मी बाकावर पुढं सरकलो.

"तू विचारलंस, कुठे. डोळे चोळत. आणि त्यांना काही बोलताच येईना. तोंड उघडायचे, मिटायचे. मला वाटलं आता रडणार, त्यांना रडताना मी कधी बघितलं नव्हतं, म्हणून मी मोरीत पळाले. मग त्यांनी तुला खाली ठेवलं, पाठ फिरवली, शर्ट बदलायला लागले. आणि म्हणाले ते गावाचं." तिनं कप माझ्यापुढं सरकवला. "खोटं नव्हते बोलत रे ते. तू प्रश्न विचारलास, त्याला काहीतरी उत्तर दिलं. दुसरं काय देणार होते?"

चहावर साय धरेपर्यंत मी बसून होतो. विचित्र वाटत होतं. वाईट नाही, जड नाही, उलट कुणी घरातलं एक कपाट हलवून दुसऱ्या भिंतीला लावावं तसं, की तेच कपाट, पण खोलीत चालायला वाट वेगळीच. म्हणजे मला सांगितलं होतं. मांडीवर घेऊन सांगितलं होतं. शब्द बरोबर होता, आपल्या बोलण्यातलाच शब्द, रोजचा. मीच त्याला पाय लावले आणि रस्त्याला लावला. ती मांडी आठवायचा मी खूप प्रयत्न केला, अजून करतो. नाही आठवत. एवढं लक्षात ठेवणारा माणूस मी. टवका आठवतो, काज आठवतं, मांडी नाही.

"साखर कमी आहे का?" ताई म्हणाली.

"नाही. बरोबर आहे."

"मग पी की. नुसता बघतोयस काय, त्याचं शूटिंग करणार आहेस?"

मरणाचा सीन सकाळी पहिला लावला, बाई ताज्या असताना. त्यांची मुलगी बरोबर आली होती, बावन्न वर्षांची, मोठ्या पावलांची, कॅमेऱ्यामागं खुर्ची टाकून बसली. खिडकीबाहेर दिवेवाल्यानं उगवतीचं ऊन लावलं होतं, चौकट मोजून. बाईंनी वाटाण्याची शेंग उचलली, अंगठ्यानं उघडली, वास घेतला. "खरे आहेत," म्हणाल्या. "मला वाटलं मरतानासुद्धा प्लॅस्टिकचे देताय." सगळे हसले. मी त्यांच्याजवळ गेलो, म्हणालो, बाई, काही विसरलात तर थांबू नका, वाटाणे सोलत राहा. त्या म्हणाल्या, "मेल्यावर काय विसरायचंय?" आणि माझ्या हातावर चापट मारली. मग जरा खालच्या आवाजात, "कट मात्र मोठ्यानं म्हणायला सांग त्याला. हातानं नको."

मुलाच्या कामाच्या नटाला मी सकाळीच कोपऱ्यात नेऊन त्याचं वाक्य सांगितलं होतं, कागदावर लिहून दिलं नव्हतं. तो म्हणाला, एवढंच? म्हटलं एवढंच. आणि तिला मांडीवर घे. चॅनलवाला? म्हटलं, चॅनलवाल्याचं मी बघतो.

टेक सुरू झाला. सेटवर साठ माणसं असतात, टेक सुरू झाला की ती साठ माणसं श्वास आखडता घेतात आणि त्यानंच एक वेगळी शांतता होते, तिला वजन असतं. शेंगा फुटण्याचा आवाज येत होता. मुलगा किल्ल्या शोधत होता, आई, इथंच ठेवल्या होत्या गं, आई. बाईंचा हात परातीत थांबला. नुसता थांबला, आणि मी आधीच्या मालिकांत पन्नास-साठ मरणं बघितलीत कॅमेऱ्यातून, पण हात असा थांबलेला नव्हता बघितला, जणू तिला आता पुढची शेंग उचलायची काही गरजच राहिली नाही. वाटाणा घरंगळला. ठरलेल्यापेक्षा लांब गेला, जिन्याच्या पहिल्या पायरीला जाऊन लागला. नटानं किल्ल्या खाली ठेवल्या. नात आत आली. तो जमिनीवर बसला, तिला मांडीवर घेतलं, म्हणाला, "आजी गेली."

"कुठे?"

तो थांबला. मी त्याला थांबायला सांगितलं नव्हतं. तोंड उघडलं, मिटलं. आणि मग त्यानं तिच्या केसांवरून हात फिरवला आणि सरळ तिच्याकडे बघत म्हणाला, "कुठेच नाही गं. गेली."

मुलीनं मान हलवली. लहान मुलं हलवतात तशी, कळल्यासारखी. आणि त्याच्या शर्टाच्या बटणाशी खेळायला लागली. हे लिहिलेलं नव्हतं.

दिग्दर्शकानं माझ्याकडे बघितलं. त्याचा घसा आता चांगला झाला होता, पण तो बोलेना, माझ्याकडेच बघत होता. मी पुढं झालो. कॅमेऱ्याच्या वाटेतून, सगळ्यांच्या देखत, खिडकीतल्या त्या उन्हात गेलो, बाईंच्या खुर्चीशी वाकलो. पापण्या मिटलेल्या. मान कलती. त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्यानं, नीट, म्हणालो, "कट."

डोळे उघडले. "झालं?"

"झालं."

"मेले ना नीट?"

"नीट. कुणाला शंका राहणार नाही."

"मग जरा आधी म्हणायचंस. मान अवघडली." त्या उठायला लागल्या, मी हात दिला. त्यांनी सेटवर सगळीकडे बघितलं, खिडकी, फुलदाणी, टेबल, आणि नजर जिन्याशी जाऊन थांबली. चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. "आता वर जायचं का?"

"नाही. आता घरी."

"कुठल्या?"

त्यांची मुलगी तोवर शाल घेऊन जवळ आली होती. मी बाईंचा हात तिच्या हातात दिला. "हिच्या," म्हणालो. बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग खाली तिच्या पावलांकडे बघितलं, आणि एकदम हसल्या. "हो हो," म्हणाल्या. "ही माझी." दोघी दाराकडे गेल्या. साठ माणसं बाजूला झाली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, मी आधीच बजावलं होतं.

मग दुसऱ्या सीनची तयारी सुरू झाली. परात उचलली गेली, खुर्ची तिथंच राहिली. वहीवाली माझ्याजवळ आली, रजिस्टर उघडून, लांबचा चष्मा काढून जवळचा लावत. आजीच्या ओळीवर बोट. 'घरात'मधली खूण तिनं खोडली होती. 'गावाला'वर पेन थांबलं होतं.

"इथं काय?"

"काही नाही."

"आणि 'परत कधी'? नेहमीसारखं कोरं ठेवू?"

मी त्या रकान्याकडे बघितलं. खालीवर अकरा कोऱ्या जागा होत्या, आणि ही बारावी.

"नको," मी म्हणालो. "तिथं रेघ मारा."

तिनं पिशवीतून पट्टी काढली, कागदावर बसवली, बोटांनी घट्ट दाबली. रेघ सरळ आली.